कात्री लावण्याआधी

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले आणि तेव्हापासून तुला कधी एकदा लिहायला बसते असे मला झाले होते. तू शिलाई मशीन घेतलेस, वापरलेल्या कपड्यांची एक भली मोठी पिशवीही घरी आणलीस, आणि आता घरातल्या सगळ्यांचे कपडे त्यातूनच करायचे असे मनावर घेतले आहेस, हे वाचून फार बरे वाटले. पहिली कात्री कोणत्या कपड्याला लावू, असे तू विचारले आहेस. माझे मनापासून सांगणे असे की पहिला महिनाभर कशालाच कात्री लावू नकोस. त्या पिशवीतला जो शर्ट तुला सर्वांत कमी आवडला असेल तो घे आणि एक एक शिवण सोडवत पूर्ण उसव.

उसवणे हे कंटाळवाणे काम आहे असे बहुतेकांना वाटते, कारण ते टाका टाका करून उसवत बसतात. आपल्या मशीनच्या शिलाईत दोन धागे असतात, एक वरून सुईतून येणारा आणि दुसरा खालच्या बॉबिनमधून येणारा, आणि ते दोन्ही कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात. एलियास हाउ यांनी 1846 मध्ये अमेरिकेत ज्या यंत्राचे पेटंट घेतले ते याच अडकणाऱ्या टाक्याचे होते, आणि आजही घरगुती मशीन त्याच तत्त्वावर चालते. म्हणून एका बाजूने दर चौथा-पाचवा टाका उसवणीने, म्हणजे टाके कापायच्या छोट्या टोकदार अवजाराने, कापत जावे, मग कापड उलटे करून दुसऱ्या बाजूचा धागा हलकेच ओढावा, म्हणजे तो लांबच्या लांब निघून येतो आणि कापडाला इजा होत नाही. शिवण दोन्ही हातांनी ताणून फाडण्याचा मोह टाळ. जुने कापड शिवणीच्या कडेलाच विरलेले असते आणि तिथूनच ते फाटते.

शर्ट पूर्ण सुटला की सगळे तुकडे इस्त्री करून जमिनीवर पसरून ठेव आणि शांतपणे पाहा. मला शिवणकामातले जे काही येते त्यातले निम्म्याहून अधिक अशा पसरलेल्या तुकड्यांनी शिकवले. सुरुवातीची दोन वर्षे मी शिवलेल्या प्रत्येक बाहीला खांद्यापाशी ओढ बसायची आणि चूक कुठे आहे ते काही केल्या उमगत नव्हते. ह्यांचा एक जुना शर्ट उसवल्यावर दिसले की पुढचा मुंढा, म्हणजे बाही जिथे बसते तो काप, मागच्या मुंढ्यापेक्षा अधिक खोल कापलेला आहे आणि बाहीची वरची गोलाईही दोन्ही बाजूंना सारखी नाही, पाठीच्या बाजूला ती जरा भरलेली आहे. मी मात्र बाही दुमडून दोन्ही बाजू एकसारख्या कापत आले होते. हात पुढे नेताना पाठीकडच्या बाजूला जास्त कापड लागते, ही गोष्ट त्या दोन तुकड्यांकडे पाहताना ज्या स्पष्टपणे कळली तशी ती कोणी सांगून कळली नसती. आणखी एक गोष्ट तुला दिसेल. शिवणीच्या आत दडलेली अर्ध्या इंचाची कड मूळ रंगाची असते. बाहेरचा निळा धुऊन धुऊन राखाडी झालेला असतो आणि ती कड मात्र अजून गडद निळी असते. त्या कडेवरून कपडा किती वापरला गेला आहे हे कळते आणि शिवण सैल केली तर बाहेर कसली रेघ दिसेल हेही आधीच समजते. फ्रॉकची उंची वाढवताना खालची दुमड उघडली की हीच गडद रेघ उघडी पडते आणि ती धुऊन जात नाही. मी त्या रेघेवरच एक बारीक आडवी चूण घालते किंवा लेसची पट्टी लावते.

आता कपडा निवडण्याविषयी. वापरलेला कपडा फॅशन पाहून घेऊ नये, कापड पाहून घ्यावा, आणि आपल्या मापापेक्षा मोठा घ्यावा, कारण मोठ्याचे लहान करता येते पण लहानाचे मोठे करायला कापड आणायचे कुठून? घेण्याआधी तो उजेडासमोर धरावा. पँटचे गुडघे, बसायची जागा आणि मांड्यांची आतली बाजू, शर्टाची कोपरे आणि काखा, एवढ्या ठिकाणी कापड जाळीसारखे दिसू लागले असेल तर तेवढा भाग गेला असे समजावे. मात्र त्यामुळे सगळा कपडा बाद होत नाही. मोठ्या माणसाच्या पँटची गुडघ्याखालची मागची बाजू बहुधा शाबूत असते आणि लहान मुलाची अर्धी चड्डी त्यात आरामात बसते. कापड कशाचे आहे हे सांगणारी चिठ्ठी कापून टाकलेली असेल तर आतल्या शिवणीतून दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून ते पाण्याच्या भांड्यावर पेटव. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते, लोकर आणि रेशीम यांना केस जळल्याचा वास येतो, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ही माहिती इस्त्रीच्या वेळी फार कामाची असते. चिठ्ठीवरच्या इस्त्रीच्या चित्रात तीन ठिपके असतील तर कापड 200 अंशांपर्यंत, दोन असतील तर 150 पर्यंत आणि एकच असेल तर 110 अंशांपर्यंतच उष्णता सोसते. पॉलिएस्टरवर एकदा गरम इस्त्री टेकली आणि चकाकी आली की ती पुन्हा जात नाही.

घरी आणलेला कपडा धुतल्यावाचून मशीनपाशी नेऊ नये, हे तुला सांगायला नकोच. एक गोष्ट मात्र सविस्तर सांगते, कारण तिने माझा एक फार सुंदर स्कर्ट घालवला. वापरलेला करड्या रंगाचा लोकरी स्कर्ट होता, कापड इतके छान की त्याला हात लावत बसावेसे वाटे. त्याचे अस्तर फाटले होते म्हणून मी नवे सुती कापड आणले आणि त्याच संध्याकाळी कापून बसवले. नेफ्यापाशी आणि खालच्या दुमडीत दोन्हीकडे मी ते पक्के शिवले. पहिल्याच धुण्यात अस्तर आटले, लोकर मात्र जिथल्या तिथे राहिली, आणि स्कर्टची खालची कड आत ओढली जाऊन सगळीकडे फुग्यासारखी झाली. जुने कापड आटून झालेले असते आणि नवे आटायचे असते, या दोघांची गाठ घालताना नव्याला आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच घ्यावे लागते. शिवाय अस्तर खालच्या कडेला जोडायचेच नसते, ते मोकळे सोडून इंचभर आखूड ठेवायचे असते. आता मी नवी लेस आणि जोडपट्टीची फीतसुद्धा भिजवल्याशिवाय वापरत नाही.

उसवण्याचा सराव झाला की पहिले काम म्हणून पुरुषी शर्टाचा लहान मुलीचा फ्रॉक करून पाहा. धाकटीचे असे सहा-सात फ्रॉक मी आजवर शिवले असतील. यातली खुबी अशी की शर्टात जे आधीच नीट शिवलेले आहे ते मोडायचे नाही. शर्ट पालथा घालून पुढची बटणपट्टी फ्रॉकच्या पाठीवर आणायची, म्हणजे काजे करावी लागत नाहीत, आणि नवख्या हाताला काजांइतके अवघड दुसरे काही नसते. शर्टाच्या खालची दुमड तशीच ठेवून फ्रॉकच्या घेराची उंची तिथून वर मोजायची. छातीच्या मापात तीन-चार इंच सैल धरायचे, कंबरेपाशी घेराला चुण्या घालायच्या, आणि त्यासाठी टाका एरवी अडीच मिलिमीटर असतो तो चार-पाचपर्यंत लांब करून दोन समांतर टिपा मारायच्या. एकाच टिपेवर ओढलेल्या चुण्या एका बाजूला कलंडतात, दोन टिपांवरच्या सरळ उभ्या राहतात. कापताना शर्टाचा उभा धागा फ्रॉकच्याही उभ्या बाजूला येईल एवढे पाहा. कापड पुरत नाही म्हणून तुकडा तिरका लावलास तर तो उरेब होतो आणि दोन धुण्यांत लोंबायला लागतो.

कॉलर झिजलेला शर्ट टाकू नकोस, अगदी ह्यांच्यासाठीसुद्धा तो परत उभा करता येतो. झीज होते ती मानेला घासणाऱ्या दुमडीवर आणि तीही एकाच बाजूला. कॉलर खालच्या पट्टीपासून उसवायची, उलटी करायची आणि त्याच फटीत पुन्हा बसवून टीप मारायची, म्हणजे झिजलेली बाजू खाली जाते. मात्र तयार शर्टात आतले कडक कापड बहुधा वरच्या बाजूलाच चिकटवलेले असते, म्हणून उलटलेली कॉलर जरा मऊ दिसते. मला ती तशीच आवडते. ब्रिटनमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांवर रेशनिंग होते आणि ते 1949 पर्यंत चालले. 1943 मध्ये तिथल्या सरकारने जुने कपडे दुरुस्त करण्याविषयी एक पुस्तिकाच काढली होती. त्या गृहिणींना हातातल्या प्रत्येक चिंधीचे काहीतरी करणे भाग होते. तुझ्यामाझ्यावर तशी वेळ नाही, म्हणून जो कपडा जमणार नाही तो बाजूला ठेवण्याची मोकळीक आपण घ्यावी. अस्तराच्या कोटाचे खांदे अरुंद करणे हे असेच एक काम आहे. त्यात जाणारे दिवस पाहता मी ते कोणालाच सुचवत नाही.

विणलेल्या स्वेटरचे तू विचारलेस. त्याची लोकर उसवून पुन्हा वापरता येईल का, हे ठरवण्यासाठी स्वेटर उलटा करून बाजूची शिवण पाहा. तिथे कड ओव्हरलॉक केलेली, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून दोऱ्यांनी गुंडाळून शिवलेली, असेल तर कापड विणून झाल्यावर कापलेले आहे, आणि उसवले तर प्रत्येक ओळीला धागा तुटलेला निघेल. कडेला अखंड टाक्यांची साखळी असेल तरच लांब धागा मिळेल. टीशर्टसारखे ताणले जाणारे कापड शिवताना गोल टोकाची सुई लाव, कारण साधी सुई त्याचे फासे तोडते आणि टाके गाळते.

एवढे झाले तरी कपडा अंगावर चढेल याची खात्री नसते. थोरल्याने माझ्या हातचे दोन शर्ट कपाटातून बाहेरच काढले नाहीत, आणि मला ते बराच काळ लागून राहिले होते. मग मी त्याला पिशवी उघडून दिली आणि तूच निवड म्हटले. त्याने जुनी जीन्स उचलली, तिचे दोन खिसे काढून एका साध्या शर्टावर लावायला सांगितले, आणि आता तो शर्ट धुवायला मिळत नाही. सासूबाईंच्या बोटांना सांधेदुखीमुळे बटणे लावता येत नव्हती. त्यांच्या ब्लाउजची काजे मी शिवून बंद केली, वरून तीच बटणे टाकली आणि आत वेल्क्रोचे चौकोनी तुकडे लावले. बाहेरून कोणाला काही कळत नाही. त्या स्वतःच्या हातांनी ब्लाउज घालून खोलीबाहेर आल्या तो दिवस मी विसरणार नाही.

आता तुझ्या त्या तपकिरी लोकरी कोटाविषयी. त्याला अजून हात लावू नकोस. तो उलटा करून पाठीच्या मधल्या शिवणीत किती कापड आत आहे ते टेपने मोज, बाहीच्या टोकाला अस्तर हाताने टाचले आहे की मशीनने शिवले आहे ते पाहा, आणि ज्याच्यासाठी तो करायचा आहे त्याच्या पाठीचे व बाहीचे माप मला कळव. तुझे उत्तर येईपर्यंत माझ्याकडच्या जुन्या अस्तरांमधून त्याला शोभेलसे एखादे मी धुऊन ठेवते.

तुझीच,
मैत्रीण