प्रयोगशाळेतल्या मदतनीस मामांना, कुर्डूच्या एका शीटबद्दल

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या मुलांच्या हर्बेरियम शीट, म्हणजे वाळवलेली झाडं चिकटवलेले कागद, तपासायला बसले होते. एका शीटवर लेबलात तारीख, कुळ, नाव सगळं निळ्या शाईत होतं आणि ठिकाण तेवढं काळ्या. माझा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. ठिकाणाच्या पुढं मी एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं, आणि मग बराच वेळ पुढची शीट उलटताच आली नाही. ते प्रश्नचिन्ह माझं नव्हतं, तुमचं होतं.

एम. एस्सी.च्या निरोप समारंभात आम्ही सगळ्या सरांची, मॅडमची नावं घेऊन आभार मानले. तुमच्यापर्यंत आलो तेव्हा माइकवर फक्त एवढं बोललं गेलं, "आणि आमचे शिक्षकेतर कर्मचारी." तुम्ही मागं खुर्च्या लावत होतात. त्या 'आणि'चं ओझं माझ्या मनावर आजही आहे. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांना वाचता येईल असं उघड.

बॉटनीत एम. एस्सी. करतेय म्हटलं की लोक विचारायचे, त्यात शिकवतात काय? झाडांची नावं? मी अभ्यासक्रम सांगायचे. दोन वर्षं, चार सेमिस्टर. अल्गी, फंगाय, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा, जिम्नोस्पर्म, मग सपुष्प वनस्पतींचं वर्गीकरण. त्याबरोबर सायटोजेनेटिक्स, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, मॉलिक्युलर बायोलॉजी, प्लांट पॅथॉलॉजी, इकॉलॉजी, टिश्यू कल्चर, बायोस्टॅटिस्टिक्स आणि शेवटी प्रबंध. यादी खरी होती. पण यातलं हातात काय राहिलं असं आज कुणी विचारलं, तर मी कांद्यापासून सुरुवात करीन.

कांद्याच्या मुळाच्या टोकाचं स्क्वॅश, म्हणजे टोक ठेचून, दाबून केलेली स्लाइड. प्रॅक्टिकलच्या तीन दिवस आधी तुम्ही काचेच्या बाटल्यांच्या तोंडावर कांदे ठेवायचात, बूड पाण्याला जेमतेम टेकेल इतकं. सकाळी आमच्या आधी येऊन मुळांची टोकं कापून अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात घालून ठेवायचात, कारण पेशी विभागत असतानाच त्यांना धरावं लागतं. ती वेळ चुकली तर दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावूनही नुसती गोल केंद्रकं दिसतात. पहिल्या वेळी माझ्या स्लाइडवर लाल चिखल झाला होता. तुम्ही शेजारी उभे राहिलात. स्टीलची सुई बाजूला ठेवून साधी लोखंडी सुई दिलीत. "हिनं ठेचा, रंग चांगला चढतो." ॲसिटोकार्माइन या लाल रंगाला लोखंडाचा अंश लागला की क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, गडद रंगतात, हे मी नंतर वाचलं. मग स्लाइड स्पिरिटच्या दिव्यावरून दोनदा फिरवली, हाताच्या पाठीला सोसेल इतकीच गरम. वर टिपकागद, आणि अंगठ्यानं सरळ खाली दाब. "अंगठा सरकू द्यायचा नाही, ताई. सरकला की पेशी एकावर एक चढतात." त्या दिवशी दुपारी मला पहिल्यांदा मेटाफेज दिसली, पेशी विभागताना क्रोमोसोम मधोमध येतात ती अवस्था. पेशीच्या मधोमध काळपट लाल काड्या. मी मोजल्या. 15 आल्या. परत मोजल्या, परत 15. पुस्तकात 16 होत्या म्हणून मी जर्नलमध्ये 16 लिहायला घेतलं. तुम्ही फक्त म्हणालात, "फाइन फोकस फिरवून बघा की." सोळावी एका काडीच्या मागं आडवी पडली होती.

मायक्रोटोमबद्दल, म्हणजे अगदी पातळ काप घेणाऱ्या यंत्राबद्दल, थोडक्यात लिहिते, कारण तिथं माझा हात कधीच बसला नाही. खोडाच्या तुकड्यातलं पाणी 30, 50, 70, 90, 100 टक्के असं चढत्या अल्कोहोलनं काढायचं, मग झायलीन, मग 60 अंशांच्या आसपास वितळलेलं मेण. पायरी गाळली की पेशी आक्रसतात. दहा-बारा मायक्रॉनचे काप एकाला एक चिकटून मेणाची फीत निघायला लागली की तुम्ही सगळ्यांना आधी पंखा बंद करायला लावायचात. ओल्या कुंचल्याच्या टोकावर ती फीत तुम्ही उचलायचात तेव्हा खोलीत कुणी मोठ्यानं बोलत नसे. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे झाडाचे तुकडे निर्जंतुक माध्यमात वाढवायच्या, बाटल्यांचंही तसंच. आमच्या गटाच्या निम्म्या बाटल्यांत काळी बुरशी आली. त्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या भांड्यात, घालून मग तुम्ही धुतल्यात, एक शब्द न बोलता. पण धुण्याआधी तुम्ही मला प्रत्येक बाटलीवरची तारीख आणि कुणी हाताळली ते वहीत उतरवायला लावलंत. वही पाहिल्यावर कळलं, बिघडलेल्या सगळ्या बाटल्या एकाच दिवसाच्या होत्या.

आता हर्बेरियम.

आम्हाला 50 शीट करायच्या होत्या. सुमारे 42 बाय 28 सेंटिमीटरचा जाड कागद, उजव्या कोपऱ्यात खाली लेबल. वर्तमानपत्रात झाड पसरून दाबायचं, कागद रोज बदलायचे, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. पान एखादं तरी उलटं ठेवायचं म्हणजे मागची बाजू दिसते, हे तुम्ही शिकवलंत. पानफुटी उकळत्या पाण्यात बुडवून मगच प्रेसमध्ये घालायची, नाहीतर ती दाबाखालीही जिवंत राहते आणि पानं गाळते, हेही तुम्हीच. शीटना मर्क्युरिक क्लोराइडचं विष लावायची वेळ आली की तुम्ही आम्हाला खोलीबाहेर काढायचात आणि दार लावून एकटे ते काम करायचात. तेव्हा आम्हाला सुटका वाटायची. आज त्या बंद दाराची आठवण आली की वाईट वाटतं. ते विष कुणाला तरी हाताळावं लागत होतं, आणि तो माणूस कोण असणार हे आम्ही कधी विचारलंच नाही.

सप्टेंबरात टूर साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेली. 2012 मध्ये पश्चिम घाटातली 39 ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली त्यात कास आहे, त्यामुळं पठारावर एक काडीही तोडायची नाही, असं सरांनी बसमध्येच बजावलं होतं. जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, तेरडा, पिवळा कवला सगळं गुडघे टेकून नुसतं पाहिलं. नमुने घेतले ते खाली रस्त्याच्या कडेचे, साधे. त्यानंतर लगेच मी गावी गेले आणि तिथूनही काही झाडं दाबून आणली. दोन्ही गठ्ठे एकत्र झाले. एका कुर्डूच्या वर्तमानपत्रावरचा नंबर पुसला गेला होता. सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं. मी लेबलवर 'कास रस्ता' लिहून टाकलं. कुर्डू काय, सगळीकडेच उगवते. कुणाला फरक पडणार होता?

तुम्ही शीट मोजून कपाटात लावत होतात. कुर्डूची शीट हातात घेऊन तुम्ही ती खिडकीपाशी नेलीत. मुळांच्या जाळीत मातीचा हरभऱ्याएवढा खडा अडकला होता. तुम्ही तो नखानं फोडलात. आतून काळा.

"ही माती काळी आहे, ताई. त्या रस्त्याला तांबडी असते."

तुम्ही रागावला नाहीत, सरांनाही सांगितलं नाहीत. शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढून ठिकाणाच्या पुढं बारीक प्रश्नचिन्ह काढलंत आणि शीट परत माझ्या हातात दिलीत. मग म्हणालात, "तुम्ही उद्या नोकरीला लागाल. ही शीट इथंच राहणार. पन्नास वर्षांनी कुणी उघडली तर तो तुमच्यावर विश्वास ठेवून कासला जाईल की."

त्या रात्री मी 50 च्या 50 लेबलं पुन्हा तपासली. सात ठिकाणी मला खात्री नव्हती. त्या सात शीट मी काढून घेतल्या आणि 43 जमा केल्या. गुण कमी झाले. ते गुण गेल्याचं मला एकदाही वाईट वाटलेलं नाही.

लेबल म्हणजे काय ते मला त्यानंतर पुस्तकांतही दिसायला लागलं. थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात निघाला. आपल्याकडं झाड ओळखताना तो अजूनही उघडावा लागतो. त्यात झाडाच्या वर्णनाखाली ठिकाणं आहेत, गोळा करणाऱ्यांची नावं आहेत, आणि नावांपुढं उद्गारचिन्हं. वर्गीकरणशास्त्रात त्या चिन्हाचा एकच अर्थ असतो: हा नमुना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेच्या, म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या, पश्चिम विभागाचं हर्बेरियम पाहायला गेलो तेव्हा तिथं टाइप म्हणजे काय ते सांगितलं गेलं. नवी जात जाहीर करताना तिचं नाव एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं. उद्या वाद झाला की लोक त्या शीटकडे जातात. सगळ्या बॉटनीचा भार असा एका वाळलेल्या फांदीवर आणि तिच्या लेबलावर आहे, हे मला तिथं समजलं. पण पटलं होतं ते आधीच, तुमच्या खिडकीपाशी.

दुसऱ्या वर्षीच्या प्रबंधाची गोष्ट तर तुम्हाला माहीतच आहे. तरी लिहिते, कारण ती मी कुणालाच पूर्ण सांगितलेली नाही. शहराबाहेरच्या टेकडीवरच्या जुन्या आणि आजच्या वनस्पतींची तुलना असा विषय होता. जुनी बाजू आपल्या विभागाच्या कपाटात होती, आमच्या जन्माच्या कितीतरी आधीच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या शीट. त्या कुठल्या खणात आहेत ते फक्त तुम्हाला ठाऊक होतं. एका शीटवर दवबिंदू होतं, ड्रॉसेरा इंडिका, चिकट पानांवर किडे पकडणारं रोप. तपकिरी पडलेलं वीतभर रोप, आणि त्याच्या दोऱ्यासारख्या पानावर एक चिलट अजून चिकटलेलं. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं: देवळामागं, झऱ्याच्या उताराला, ओल्या मुरुमात, फुलं गुलाबी.

त्या पावसाळ्यात मी तिथं दोनदा गेले. तिसऱ्या वेळी रविवार असून तुम्ही आलात, छत्री आणि डबा घेऊन. देऊळ होतं. झऱ्याच्या जागी सिमेंटचा पाइप होता आणि उतारावर वाहनतळाचं सपाट काँक्रीट. आपण दोघांनी पाइपच्या दोन्ही अंगांना फूट न् फूट पाहिली. गवत, टणटणी, गाजरगवत. दवबिंदू नव्हतं. परतताना मी म्हणाले, तक्त्यातून ही जात काढूनच टाकते, नाहीतर काम अर्धवट दिसेल. तुम्ही छत्री मिटवता मिटवता थांबलात.

"नाही सापडलं, तेही लिहा. तारखेसकट. तीनदा गेलात ते पण लिहा."

तसं लिहिलं. तीन तारखा, आणि पुढं 'आढळले नाही'. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळा प्रबंध सोडून त्या एका ओळीवर वीस मिनिटं प्रश्न विचारले. कुठून कुठपर्यंत पाहिलं, कोणत्या महिन्यात, पाऊस किती झाला होता, हंगाम बरोबर होता का. माझ्याकडं उत्तरं होती. त्या झऱ्याकाठी दवबिंदू होतं हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं, म्हणूनच ते आता नाही हे मला सांगता आलं. त्या अनोळखी विद्यार्थ्याचे आभार मानायला मला जागा नाही. तुमचे मानायला होती, आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी तुमचं नाव शेवटून दुसऱ्या ओळीत, टायपिस्टच्या वर घातलं. मामा, ते पहिल्या ओळीत हवं होतं.

तुमचं शिक्षण सातवीपर्यंत झालं असं तुम्ही एकदा सहज बोलून गेलात. लॅटिन नावं तुम्ही ऐकून पाठ केली होतीत, आणि कपाटं कुळांप्रमाणे लावलेली असल्यामुळं बेंथम आणि हूकर या वर्गीकरणकारांनी लावलेला कुळांचा क्रम तुमच्या हातांना ठाऊक होता. आम्ही तो परीक्षेसाठी घोकत होतो. तुम्हाला कुणी कधी विचारलं नाही की हे सगळं तुम्ही कसं शिकलात. मीही विचारलं नाही. आता भेटले की पहिल्यांदा तेच विचारणार आहे, आणि वही घेऊन येणार आहे.

मी आता मुलांना प्रॅक्टिकल शिकवते. आमच्याकडं मामांची जागा रिकामी आहे, भरती झालेली नाही, म्हणून कांदे मीच तीन दिवस आधी ठेवते. लोखंडी सुया बाजारातून मुद्दाम आणल्यात. अंगठा सरकू द्यायचा नाही हे तुमच्याच शब्दांत सांगते. आणि त्या दोन शाईंच्या लेबलाच्या मुलाला मी बोलावून घेतलं. तो आधी गप्प राहिला, मग म्हणाला, "मॅडम, नक्की आठवत नाही." मी त्याला माझी कुर्डूची शीट दाखवली. सबमिशनमधून काढून घेतलेल्या सातांपैकी ती एक, इतकी वर्षं माझ्याकडंच आहे. 'कास रस्ता', पुढं तुमचं प्रश्नचिन्ह, आणि मुळात अजून थोडी काळी माती.

श्रावणात गावाकडं येतेय. दुपारी घरी असाल ना? काकूंना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
मागच्या बाकावरची, बटाट्यात पान धरून टी. एस., म्हणजे पातळ आडवा काप, घेताना बोट कापून घेणारी विद्यार्थिनी