स्मोक अलार्मची बॅटरी काढून ठेवा, हा सल्ला मागे घ्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : घरगुती स्मोक अलार्मची चुकीच्या जागी बसवणी, देखभालीची अपुरी माहिती आणि आपल्या केंद्राने दिलेला धोकादायक सल्ला

महोदय,

मी देवगड तालुक्यात राहते आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमचे घर जुने, कौलारू. माळ्यावर गुरांचा पेंढा, मागच्या पडवीत पावसाळ्याची लाकडे, हंगामात बाजूच्या खोलीत आंब्याची आढी. गॅस आहे, तरी आंघोळीचे पाणी अजून चुलीवरच तापते. सासूबाई आणि सासरे माजघरात झोपतात. रात्री कुठे ठिणगी पडली तर त्यांना वेळेवर जाग यावी, एवढ्यासाठी आम्ही तुमचा अलार्म घेतला.

ऐन पावसाळ्यात तो मध्यरात्री मिनिटा-मिनिटाला एकदा चिवचिवू लागला. सकाळी मी तुमच्या केंद्राला फोन केला. उत्तर मिळाले : "ताई, पावसात असं होतंच. बॅटरी काढून ठेवा, दिवाळीनंतर परत लावा."

या सल्ल्यामुळे मी हे पत्र लिहीत आहे. ठरावीक अंतराने येणारा तो एकच बारीक आवाज म्हणजे बॅटरी उतरल्याची सूचना. नवी बॅटरी घाला, टेस्टचे बटण दाबून धरा, आवाज पुरा येतो का ऐका, इतके सांगायला अर्धे मिनिट लागले असते. त्याऐवजी तुमच्या माणसाने तीन-चार महिने अलार्म बंद ठेवायला सांगितले. आमच्याकडे याच महिन्यांत वीज सारखी जाते-येते, ओलीमुळे जुन्या वायरिंगमध्ये बिघाड होतात, दारे-खिडक्या बंद असतात आणि डासांची उदबत्ती रात्रभर जळते. गणपतीत तर घर माणसांनी भरलेले असते, मखराभोवती दिव्यांच्या माळा असतात आणि ओटीपासून पडवीपर्यंत अंथरुणे पडतात. अलार्मची सर्वांत जास्त गरज तेव्हाच असते.

मी झाकण उघडले तेव्हा बॅटरीच्या टोकांवर हिरवा कळंक चढलेला दिसला. खाऱ्या वाऱ्याने इथे खिडकीचे गज खातात, हे किनाऱ्यावर माल विकणाऱ्याला ठाऊक असायला हवे. कोरड्या फडक्याने टोके पुसून 9 व्होल्टची नवी बॅटरी घातल्यावर चिवचिव थांबली. म्हणजे तुम्ही तीन-चार महिने बंद ठेवायला सांगत होता ते यंत्र काही मिनिटांत पूर्ववत झाले.

दुसरी तक्रार बसवणीची. तुमच्या माणसाने शिडी जिथे सोयीने उभी राहिली तिथे, म्हणजे स्वयंपाकघराच्या दारावर, अलार्म लावला. हा प्रकाशावर चालणारा अलार्म आहे. आतल्या काळ्या कप्प्यात धूर शिरला की प्रकाश विखुरतो, तो संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजतो. वाफ, धूळ किंवा एखादा किडा आत गेला तरी तेच घडते. म्हणून चुलीपासून निदान 3 मीटर दूर आणि झोपायच्या खोलीजवळ तो लावायचा असतो. आमच्याकडे पेजेचे झाकण उघडले तरी तो कोकलायचा. याचा परिणाम फार वाईट झाला. आता तो वाजला की सासरे पडल्या पडल्या म्हणतात, "फोडणी करपली असतली," आणि कूस बदलतात. उद्या खरोखर माळा पेटला तरी ते असेच म्हणतील, ही माझी भीती आहे.

अलार्म चालतो हे दाखवायला त्याच माणसाने खाली पेटती उदबत्ती धरली. त्याने काजळी आत जाते. महिन्यातून एकदा टेस्टचे बटण दाबावे, हे त्याने सांगितलेच नाही. ते फक्त बारीक टायपातल्या इंग्रजी पत्रकात होते. सासरे सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले आहेत. नीट मराठीत छापले असते तर त्यांनी ते कॅलेंडरशेजारी लावून पाळले असते. मऊ ब्रशने बाहेरून धूळ आणि कोळिष्टके काढावीत, कीटकनाशक फवारू नये, गणपतीआधीच्या रंगकामात अलार्मवर रंग लागू देऊ नये आणि तेवढ्यापुरते झाकले तर आठवणीने उघडावे, हेही आमच्या भागात ठळकपणे सांगायलाच हवे.

सासूबाईंना ऐकू कमी येते. अशा अलार्मचा आवाज साधारण 3000 हर्ट्झचा, म्हणजे अतिशय पातळ असतो आणि उतारवयात पहिल्यांदा तेच उंच स्वर हरवतात. 520 हर्ट्झचा खालच्या पट्टीतला आवाज झोपलेल्या वृद्धांना अधिक चांगला जागे करतो. घरात कोण राहते, असा साधा प्रश्न विक्रीच्या वेळी कोणी विचारला नाही.

अलार्मचे आयुष्य 10 वर्षे, तेही मागे छापलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून मोजायचे. तुमच्या किमतीचे लेबल नेमके त्या तारखेवर चिकटवलेले होते. ते खरवडल्यावर कळले की यंत्र आमच्याकडे येण्याआधीच काही वर्षे गोदामात पडून होते.

तरी आम्हाला अलीकडच्या उत्पादनाचा अलार्म बदलून द्यावा, तो माजघरात योग्य जागी बसवावा आणि सासूबाईंसाठी खालच्या पट्टीच्या आवाजाचे यंत्र उपलब्ध असल्यास त्याची किंमत कळवावी. बॅटरी काढण्याचा सल्ला आणखी कोणाकोणाला दिला, ते तुमच्या नोंदींतून शोधून त्या घरांना फोन करावेत. माझ्या अलार्मपेक्षा मला हे अधिक तातडीचे वाटते. मराठी पत्रक छापण्याआधी मला दाखवलेत, तर मी ते विनामूल्य तपासून देईन.

सदोष उत्पादनामुळे किंवा वापराच्या पुरेशा सूचना न दिल्यामुळे नुकसान झाल्यास उत्पादक जबाबदार ठरतो, हे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. आपले लेखी उत्तर पंधरा दिवसांत न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग

सोबत : खरेदीची पावती, कळंक चढलेल्या टोकांचे आणि लेबलाखालच्या तारखेचे फोटो