मास्तर, तुमची मापवही अजून माझ्याकडे आहे

प्रिय मास्तर,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून पाठवता आलं असतं, पण सगळ्यांना वाचता यावं म्हणून मुद्दामच उघड लिहितेय. तुमच्या दुकानात हूक लावायला बसलेल्या आम्हा मुलींपैकी कोण कुठे आहे हे आता ठाऊक नाही, आणि त्यांच्याही नजरेला हे पडावं असं वाटतं. तुमच्या सूनबाईंशी बोलणं झालंय. त्या तुमच्या उजव्या कानाशी बसून सावकाश वाचून दाखवणार आहेत.

20 फेब्रुवारी 2024 ला रेडिओवर गाण्यांची ‘बिनाका गीतमाला’ सादर करणारे अमीन सयानी गेल्याची बातमी आली, तेव्हा मी कपाट उघडून तुमची मापवही काढली. दुकान बंद करताना तुम्ही ती मला दिली होतीत. लांबट, लाल पुठ्ठ्याची, कडेला दोऱ्यानं पुन्हा शिवलेली. पुढून उघडली की ब्लाउजची मापं: लांबी 14, बाही 6, मागचा गळा खोल, अस्तर नको. मागून उघडली की गाणी. आडव्या पानावर तुम्ही खडूच्या पट्टीनं तीन रकाने पाडले होते: ‘अमीनचा नंबर’, ‘आपला नंबर’ आणि सगळ्यात रुंद रकाना, ‘कारण’. त्या तिसऱ्या रकान्यासाठी हे आभार आहेत.

मी 1973 मध्ये तुमच्याकडे आले, तेव्हा 11 वर्षांची होते. दादा मिलमध्ये पाळीवर, आई घरी विड्या वळायची, आणि माझ्या हाताला टाका बारीक पडतो म्हणून आईनंच मला तुमच्याकडे धाडलं. एका ब्लाउजचे हूक आणि काजं केली की दहा पैसे. आमच्या घरी रेडिओ नव्हता आणि सिनेमाची गाणी म्हणणं दादांना खपत नसे. तुमच्या दुकानात मात्र कपड्यांच्या फळीवर मर्फी होता. गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत एरियल म्हणून तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली. बुधवारी मिलचा संध्याकाळचा भोंगा झाला की तुम्ही हातातलं काम आवरतं घ्यायचात, कारण रेडिओ तापायला वेळ लागायचा आणि आठच्या आत रेडिओ सिलोन लागलं पाहिजे. 25 मीटरवर काटा केसभर इकडेतिकडे सरकवत तुम्ही कान लावून बसायचात. आवाज लांब जायचा, खरखरत परत यायचा, आणि मग ‘बहनों और भाइयों’. तेवढा एक तास मशीनचं पायडल बंद. हाताची शिलाई चालायची, कारण सुईला आवाज नसतो.

आजच्या मुलांना सांगावं लागतं की तेव्हा ‘बिनाका गीतमाला’ म्हणजे काय होतं. 1952 मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम. त्याच वर्षी केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले ते आपलेच बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम होतं आणि सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ गेली आणि अख्खा देश सिलोन ऐकू लागला. 1957 मध्ये विविध भारती आली तोवर बुधवारची सवय पक्की झाली होती. अमीनभाई मुंबईत बोलायचे, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून ते बोलणं आपल्या पेठेत यायचं. क्रम ठरायचा तो तबकड्यांच्या खपावर आणि गावोगावच्या श्रोता संघांच्या पत्रांवर. ‘पायदान’ हा शब्द मी तिथेच शिकले. गाणं एक पायरी चढलं की आपल्या दुकानातली दोन माणसं खूश आणि एक नाराज, हे ठरलेलं.

पहिल्या बुधवारी तुम्ही मला विचारलंत, “तुझा नंबर काय?” मी गप्प. मला कुणी नंबर विचारला नव्हता. घरात भाजी कुठली करायची हेसुद्धा आम्हा मुलींना कुणी विचारत नसे. मग मी भीत भीत म्हटलं, “यारी है ईमान मेरा, पहिला.” तुम्ही पेन्सिलीनं 1 लिहिलात आणि विचारलंत, “कारण?”

“आवडलं म्हणून.”

“ते नंबर देऊन सांगितलंस की. का आवडलं?”

मला सुचेना. तुम्ही रकाना मोकळा ठेवलात आणि म्हणालात, पुढच्या बुधवारपर्यंत विचार कर. तो आठवडा मी शाळेत, नळावर, झोपताना त्या गाण्याचाच विचार करत होते. सिनेमा पाहिला नव्हता, प्राण कसा नाचतो हे ठाऊक नव्हतं. पुढच्या बुधवारी मी म्हटलं, “गाणारा खरं बोलतोय असं वाटतं.” तुम्ही ते जसंच्या तसं लिहिलंत. ते तुमचं वळणदार अक्षर अजून स्पष्ट आहे. त्या वर्षी वार्षिक कार्यक्रमात ‘जंजीर’मधलं हेच गाणं पहिलं आलं, तेव्हा मला वाटलं मीच जिंकले. आज ऐकते तेव्हाही माझं तेच मत आहे. चाल सरळ आहे, शब्द साधे आहेत, गाणं उभं आहे ते मन्ना डे यांच्या आवाजावर. ‘उपकार’मध्ये प्राणसाठी ‘कसमें वादे’ गाणारेही तेच, हे तुम्हीच सांगितलं होतंत.

माझ्या आधीच्या वर्षांची पानं तुम्ही एकट्यानं भरलेली आहेत. 1970 ला ‘बिंदिया चमकेगी’. ‘दो रास्ते’ हा सिनेमा चंद्रकांत काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ या मराठी कादंबरीवरचा, हे तिथे कंसात लिहिलंय, खाली दोन रेघा मारून. 1971 ला ‘जिंदगी एक सफर है सुहाना’, आणि कारणाच्या रकान्यात एवढंच: ‘जयकिशन गेले’. गाण्याच्या संगीतकार जोडीतले जयकिशन त्याच सप्टेंबरात वारले होते. मृत्यूवर हसणारं ते गाणं ऐकताना मला दर वेळी तुमचे ते दोन शब्द दिसतात. 1972 च्या ‘दम मारो दम’ला तुम्ही 6 नंबर दिलात. इथे माझं तुमच्याशी जमत नाही. आशाबाईंनी त्यात आवाजाला जी झिंग आणली आहे ती तेव्हा दुसऱ्या कुणाला जमली नसती. मी पहिल्या दोनांत घेतलं असतं.

1975 च्या पानावर मात्र सगळ्यांचे नंबर सारखे आहेत. ‘बाकी कुछ बचा तो महंगाई मार गई’. दुष्काळ होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची चव तोंडातून गेली नव्हती, रॉकेलच्या रांगेत मी पहाटे जाऊन डबा ठेवायची. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर लाटणी घेऊन बायकांना रस्त्यावर आणत होत्या. आणि रेडिओवर लताबाई, मुकेश, नरेंद्र चंचल, जानी बाबू कव्वाल महागाईचा हिशेब गाऊन मांडत होते! दुकानात कापड द्यायला आलेल्या बायका गाणं संपेपर्यंत उंबऱ्यावर थांबायच्या. एकीनं मला सांगितलं होतं, “माझं कारण लिही, बाई. खरं आहे म्हणून.” मी लिहिलं. पण आज, इतक्या वर्षांनी, पोटभर जेवून ऐकताना मला वाटतं की त्या गाण्याला पहिलं नेलं ते त्या वर्षानं. त्याच ‘रोटी कपडा और मकान’मधलं ‘मैं ना भूलूँगा’ हे गाणं म्हणून जास्त टिकलं. त्या बाईचं कारण तरीही मी खोडणार नाही. तिच्या पिठाच्या डब्यातून आलेलं होतं ते.

1976 ची आठवण तुम्हाला नक्की असेल. आणीबाणी होती. किशोरकुमारची गाणी आकाशवाणीनं बंद केली होती, आणि तुम्ही म्हणायचात, सिलोनला दिल्लीचा हुकूम लागत नाही. ऑगस्टच्या 27 तारखेला मुकेश अमेरिकेत डेट्रॉइटला वारले. त्यानंतरच्या बुधवारी तुम्ही मापं घेतली नाहीत. डिसेंबरात ‘कभी कभी मेरे दिल में’ वर्षाचं पहिलं गाणं ठरलं आणि गाणारा माणूस ते ऐकायला नव्हता. तुम्ही चष्मा काढून मशीनवर ठेवलात. मी कारणात लिहिलं होतं, ‘आवाज अनुनासिक आहे पण लांबून हाक मारल्यासारखा’. 14 वर्षांच्या मुलीचं वाक्य आहे, आणि यापेक्षा नेमकं मला आजही सांगता येत नाही. साहिर यांनी आपली अवघड उर्दू कविता सिनेमासाठी स्वतःच सोपी केली. सोपी करूनही तिचं दुःख पातळ होऊ दिलं नाही, हे मला पुढे मूळ कविता वाचल्यावर कळलं.

1977 वर मी अजून रागावलेली आहे. ‘हुस्न हाजिर है’ पहिलं आलं. संगीतकार मदनमोहन 1975 मध्येच गेलेले, ‘लैला मजनू’चं राहिलेलं काम जयदेव यांनी पुरं केलं. हयातभर गीतमालेचं वार्षिक पहिलं स्थान मदनमोहनना मिळालं नाही. ‘लग जा गले’ला मिळालं नाही. मिळालं ते मेल्यावर, आणि त्यांच्या उत्तम दहा गाण्यांत मी ज्याला धरणार नाही अशा गाण्याला. तुम्ही म्हणालात, “उशिरा का होईना, मिळालं.” मास्तर, मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही.

आता जे कधी सांगितलं नाही ते सांगते. 1983 मध्ये मला एक स्थळ आलं. मुलगा नोकरीत, घर चांगलं, दादांनी जवळजवळ शब्द दिलेला. रीत म्हणून त्यांनी मला विचारलं, “पसंत आहे ना?” मी नाही म्हटलं. दादा चिडले. “कारण काय?” तो शब्द त्यांच्या तोंडून आला आणि माझ्या डोळ्यांसमोर तुमचा तिसरा रकाना आला. मी एकेक कारण सांगितलं, आवाज न चढवता. तो माझ्याशी बोललाच नाही, आईशी बोलला. माझी नोकरी सोडायची हे त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. आणि आई चहा घेऊन आली तेव्हा बसलेल्यांतलं कुणी सरकलं नाही. दादा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सदरा चढवला आणि नकार कळवायला स्वतः गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, “एवढं बोलायला कुठे शिकलीस?” मी तुमचं नाव घेतलं नाही, कारण बुधवारी मी दुकानात गाणी ऐकते हे त्यांना ठाऊक नव्हतं. आज घेतेय.

त्याबद्दल मनापासून आभार. दहा पैशांच्या कामाला आलेल्या पोरीचं मत तुम्ही तुमच्या मताच्या शेजारी, त्याच पेन्सिलीनं, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिलंत. माझं मत चुकीचं वाटलं तरी खोडलं नाहीत. खाली तुमचं लिहिलंत. पुढे मी प्राथमिक शाळेत 31 वर्षं शिकवलं. कविता आवडली म्हणणाऱ्या पोराला मी रकाना मोकळा ठेवून आठवडा द्यायची. ती पद्धत तुमचीच, हे आज जाहीर सांगते.

वहीतलं शेवटचं भरलेलं पान 1979 चं, ‘खइके पान बनारसवाला’. त्यावर आपण दोघांनी फार लिहिलेलं नाही. किशोरनं मजा आणली, एवढं पुरे. त्याच्या आधीचं 1978 चं पान मात्र मी पुन्हा पुन्हा उघडते. ‘अँखियों के झरोखों से’, हेमलता. सिनेमात आपला सचिन होता म्हणून मुलींनी दुकानात नुसता गलका केला होता. कारणात तुम्ही लिहिलंत: ‘ज्यानं डोळ्यांनी कधी काही पाहिलं नाही त्यानं डोळ्यांवर लिहिलं.’ रवींद्र जैन जन्मापासून अंध होते, शब्द त्यांचे आणि चालही त्यांचीच. ते वाचल्यावर मी माझा 4 नंबर बदलू का म्हणून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, “नंबर गाण्याला दे. माणसाला वेगळा नमस्कार कर.” मी 4 तसाच ठेवला.

एकच पान राहिलंय. 1974, ‘मेरा जीवन कोरा कागज’. तुमचा 1. माझा 9, आणि कारण: ‘फार हळू आहे’. तुम्ही खाली काहीच लिहिलं नव्हतंत, हे असं एकच पान आहे वहीत. परवा रात्री मी ते गाणं दिवा घालवून ऐकलं. किशोर त्यात कुठेच उड्या मारत नाही, आवाज दाबून धरल्यासारखा, आणि दोन ओळींच्या मधे जी मोकळी जागा आहे ती मला 12 व्या वर्षी रिकामी वाटली होती. आता ती भरलेली वाटते. तरी 1 द्यावा का हे ठरत नाहीये, कारण त्याच वेळी कल्याणजी-आनंदजींची दुसरी दोन गाणी डोक्यात येतात.

दिवाळीच्या आधीच्या बुधवारी मी सोलापूरला येतेय. वही आणते. गाणं तुमच्या उजव्या कानाशी मोठ्यानं लावू. पेन्सिल तुमचीच हवी, ती निळी-लाल, दोन टोकांची, सूनबाई म्हणाल्या अजून खोक्यात आहे.

तुमची,
हूक-काजवाली