मूठ मोजा, नळी नंतर

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला कपड्यांआड बाळगायच्या छोट्या पिस्तुलांवरचा लेख वाचला. फोटो झकास, पण लेखकाने पिस्तूल टेबलावर ठेवूनच तपासलंय असं वाटलं, कंबरेला लावून दिवसभर हिंडलेले दिसत नाहीत.

सगळा जोर नळी किती आखूड यावर. अहो, कंबरपट्ट्याच्या आत खोचलं की नळी पँटमध्येच जाते, ती इंचभर जास्त असली तरी कुणाला कळतंय? शर्टावर फुगवटा येतो तो मुठीचा, खाली वाकलात की तीच मागे टोचून दिसते. म्हणून ग्लॉक १९ या पिस्तुलाची १०२ मिलिमीटरची नळी लपवणं तेवढं अवघड नाही, पण १५ गोळ्या मावणारी त्याची मूठ अडचण करते. २०१८ साली सिग पी३६५ हे छोटं पिस्तूल आलं तेव्हा एवढी चर्चा का झाली हे लेखात यायला हवं होतं. त्याआधी एवढ्या बारीक पिस्तुलात एका ओळीचं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, असायचं, सहा-सात गोळ्या झाल्या की संपलं, आणि यात गोळ्या दोन ओळींत एकाआड एक रचून मॅगझिन वरती निमुळतं केलं त्यामुळे जवळपास तेवढ्याच मुठीत १० बसल्या.

आता माझं सांगतो. माझं पहिलं पिस्तूल .३८० चं (९ एमएमपेक्षा लहान काडतुसाचं), खिशात मावणारं, पाव किलोच्या आसपास. घेतलं तेव्हा वाटलं वा काय सुटसुटीत आहे, रेंजवर गेलो आणि दोन मॅगझिनमध्येच हात झिणझिणायला लागला. वजन कमी म्हणजे झटका जास्त, हे शाळेतलं विज्ञान, पण तळहाताला कळायला वेळ लागला. करंगळी हवेत लोंबतेय, नेम धरायची साइट म्हणजे नुसतं टोक, सात पावलांवरच्या कागदावर गोळ्या कुठेही. वर मनगट जरा ढिलं पडलं की रिकामं काडतूस स्लाइडमध्ये, म्हणजे नळीवरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागात, उभं अडकायचं, दोष पिस्तुलाला द्यायचो आणि असायचा माझाच. शेवटी एक साइझ मोठं ९ एमएम घेतलं. जड आहे, पण नेम लागतो. पिस्तूल लपतंय पण नेम लागत नाही, तर घेऊन काय उपयोग?

स्लाइडबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. पिस्तूल छोटं म्हणजे ओढायला सोपं असं लोकांना वाटतं, बऱ्याचदा उलटंच असतं, हलक्या स्लाइडला आवरायला स्प्रिंग कडक लागते आणि पकडायला जागा कमी. ज्यांच्या बोटांत जोर कमी आहे त्यांनी दुकानातच चार-पाच वेळा ओढून बघावं, अर्थात रिकामं आहे याची खात्री करून.

होल्स्टरला, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानाला, एक ओळ दिलीय, तीही रंगावर! ट्रिगर पूर्ण झाकणारा, कडक, तोंड न मिटणारा होल्स्टर नसेल तर बाकीची तुलना करूच नका. ग्लॉकसारख्या पिस्तुलांना अंगठ्याने लावायचा सेफ्टी नसतो, आत घालताना शर्टाचं टोक ट्रिगरमध्ये गेलं की गोळी मांडीत. काढायची घाई समजू शकतो, परत ठेवायची कसली घाई असते देव जाणे.

आणि लेखातला तो तक्ता. त्यात वजनं रिकाम्या पिस्तुलाची दिलीत. रिकामं पिस्तूल कोण बाळगतं? ९ एमएमचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, म्हणजे १५ गोळ्यांचे १८० ग्रॅम वाढले, ग्लॉक १९ साडेआठशेच्या आसपास जातं. तेवढं दुरुस्त करून तक्ता पुन्हा छापता आला तर बघा.

आपला,
एक नियमित वाचक