नोटिफिकेशनची वाट

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालीस, "आई, माझे मेसेज एन्क्रिप्टेड आहेत, कोण वाचणार?" मेसेजपुरतं ते खरं आहे, ते कुलूपबंद होऊन येतात आणि मधल्या कुणाला वाचता येत नाहीत. पण मेसेज आल्याचं कळवणारं नोटिफिकेशन वेगळ्या वाटेनं येतं, आणि माझी काळजी त्या वाटेची आहे.

प्रत्येक ॲप आपापल्या सर्व्हरशी, म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकाशी, सतत जोडलेलं राहिलं तर बॅटरी भराभर उतरेल. म्हणून आयफोनवर ॲपलच्या आणि अँड्रॉइडवर बहुतेक वेळा गुगलच्या सर्व्हरमधूनच सगळी नोटिफिकेशन्स येतात, साऱ्या गावाचं टपाल एकाच पोस्टातून यावं तशी. पाकीट बंद असलं तरी कुणाला, कुठून, किती वाजता आलं हे पोस्टात कळतंच. काही ॲप्स तर मजकूरही उघडाच पाठवतात. सिग्नलसारखं मेसेजचं ॲप मात्र फोनला नुसतं जागं करतं आणि मेसेज स्वतःच्या सर्व्हरवरून आणतं. मला ही पद्धत योग्य वाटते.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतले सिनेटर रॉन वायडन यांनी तिथल्या न्याय खात्याला पत्र लिहिलं: परदेशी सरकारं ॲपल आणि गुगलकडे नोटिफिकेशन्सच्या नोंदी मागत आहेत. अमेरिकी सरकारनं याबद्दल बोलायला मनाई केली होती, असं ॲपलनं तेव्हा सांगितलं. पुढे ॲपलनं नियम बदलला आणि अशा नोंदींसाठी न्यायाधीशाचा आदेश हवा असं ठरवलं. म्हणजे ते पत्र जाहीर होईपर्यंत लोकांना याचा पत्ताही नव्हता!

तुला सरकारांपेक्षा जवळचा धोका जास्त. हॉस्टेलच्या मेसमध्ये फोन टेबलावर असतो आणि लॉक स्क्रीनवर ओटीपी, बँकेचा शिल्लक आकडा, डॉक्टरची अपॉइंटमेंट सगळं झळकतं. ते वाचायला पासवर्ड लागत नाही. लॉक स्क्रीनवर मजकूर लपवण्याची सेटिंग आजच लाव.

आणि अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन ॲक्सेस' शोध. ही परवानगी मिळालेलं ॲप तुझी नोटिफिकेशन्स वाचू शकतं, अनेक फोनवर ओटीपीसुद्धा. फसवी ॲप्स हीच परवानगी मागतात. स्मार्टवॉचच्या ॲपला ती लागते, टॉर्चच्या किंवा वॉलपेपरच्या ॲपला कशाला? अनोळखी नाव दिसलं तर परवानगी काढ, ॲपही काढून टाक. खरेदीच्या ॲप्सची नोटिफिकेशन्स त्या त्या ॲपमध्ये जाऊन सरळ बंद कर. जे पाठवलंच जात नाही, त्याची नोंद कुठे राहत नाही.

सेटिंग सापडली नाही तर रात्री फोन कर, आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
आई