किती मिलिमीटर, याआधी काच किती रुंद ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्यावसायिक कामासाठी टेलिफोटो झूम लेन्स (दूरचा विषय जवळ आणणारी, पल्ला बदलता येणारी लेन्स) कशी निवडावी, यावर आलेला लेख वाचला. मराठीत या विषयावर सविस्तर लिहिले जाते, याचा आनंद आहे. परंतु लेखात प्रत्येक लेन्सचे मोल ती किती मिलिमीटरपर्यंत पोहोचते एवढ्यावरच केलेले असल्यामुळे ६०० मिलिमीटरच्या लेन्स आपोआप पहिल्या पंक्तीला बसल्या आणि ७० ते २०० मिलिमीटरची, म्हणजे ७०-२०० ची लेन्स जणू नवशिक्यांसाठी उरली. लग्ने, सभा-समारंभ, वृत्तपत्रांची कामे आणि सवड मिळेल तेव्हा पक्षी, असे मिश्र काम नाशिक परिसरात करणारा छायाचित्रकार या नात्याने मला वाटते की हा क्रम पोटासाठी लेन्स घेणाऱ्याला चुकीच्या दुकानात नेणारा आहे.

लेन्सच्या अंगावर दोन आकडे छापलेले असतात, फोकल लेन्थ (मिलिमीटरमधला पल्ला) आणि ॲपर्चर (एफ २.८, एफ ५.६ असा; आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), आणि ते एकत्र वाचले तरच अर्थ लागतो. फोकल लेन्थला ॲपर्चरच्या आकड्याने भागले, की ज्या वाटेने प्रकाश आत येतो त्या छिद्राचा व्यास मिळतो. २०० ला २.८ ने भागल्यास सुमारे ७१ मिलिमीटर येतात. आता १००-४०० प्रकारातील ज्या लेन्स टोकाला एफ ५.६ देतात, त्यांचे गणित करून पाहावे: ४०० भागिले ५.६, पुन्हा ७१. कॅननच्या आरएफ (तिच्या नव्या कॅमेऱ्यांची मालिका) १००-५०० चे ॲपर्चर ५०० मिलिमीटरला एफ ७.१ असते, तोही भागाकार जवळजवळ ७० येतो. या तिन्ही प्रकारच्या बहुतेक लेन्सना ७७ मिलिमीटरचाच फिल्टर लागतो, तो योगायोग नव्हे. म्हणजे कंपनी आपल्याला साधारण तेवढ्याच रुंदीची काच विकते. ती काच आखूड पल्ल्यावर खर्च करून उजेड घ्यायचा, की लांब पल्ल्यावर पसरून पोहोच घ्यायची, एवढीच निवड आपल्या हाती असते. सोनीची २००-६०० आणि निकॉनची झेड १८०-६०० या दोन्ही लेन्स लांब टोकाला एफ ६.३ देतात, ६०० भागिले ६.३ म्हणजे ९५, आणि दोघींच्या तोंडावर ९५ मिलिमीटरचाच फिल्टर बसतो. ६०० मिलिमीटरला एफ ४ हवे असेल तर दीडशे मिलिमीटर रुंद छिद्र लागते, आणि ती झूम नसलेली लेन्स दहा लाखांच्या पुढे का जाते, हे त्या एका भागाकारातून कळते. लेखातील तुलनेच्या तक्त्यात हा दुसरा आकडाच नव्हता.

तो आकडा नसल्याने काय बिघडते, हे मंगल कार्यालयात सर्वांत लवकर समजते. अंतरपाट दूर होतो, अक्षता हवेत असतात, नवरीचा हात हार घेऊन वर जात असतो. तिथे शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडे ठेवले तर हात पुसट येतो. एफ २.८ ला ज्या सभागृहात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता; ती वाढली की चित्रात दाणे वाढतात) ३२०० वर काम भागते, तिथेच एफ ५.६ ला १२८०० आणि एफ ६.३ ला १६००० लावावा लागतो. स्टॅबिलायझेशन हा यावरचा उपाय नाही, कारण ते छायाचित्रकाराच्या हाताचा कंप थांबवते, हार घालणाऱ्या हाताचा वेग नाही. विक्रेते 'पाच स्टॉपचे स्टॅबिलायझेशन' (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी) म्हणून सांगतात तेव्हा हा फरक क्वचितच सांगितला जातो. भाषणाच्या व्यासपीठावर, नाट्यगृहात, इनडोअर कबड्डीच्या मॅटवरही हेच. माझ्यासारख्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग अशाच जागांमधून येतो आणि त्या जागांमध्ये ६०० मिलिमीटर वापरण्याइतके अंतरच नसते. सोनीच्या २००-६०० ला तर विषय किमान २.४ मीटर दूर असावा लागतो; भरलेल्या मांडवात तेवढे मागे सरकलो तर पाठ आचाऱ्याला लागते.

अंतराचा हिशेबही कागदावर आधी करता येतो. फुल फ्रेम सेन्सर (कॅमेऱ्यात प्रतिमा टिपणारा, जुन्या फिल्मच्या आकाराचा भाग) ३६ मिलिमीटर रुंद असतो. ३६ ला फोकल लेन्थने भागून विषयाच्या अंतराने गुणले, की चौकटीत किती रुंदीचे दृश्य मावेल ते निघते. ताडोब्यात जिप्सीपासून वीस मीटरवर वाघ रस्ता ओलांडत असेल, तर ६०० मिलिमीटरच्या चौकटीत सव्वा मीटरसुद्धा मावत नाही. पूर्ण वाढ झालेला वाघ शेपूट वगळूनही त्याहून लांब असतो. म्हणजे हाती येते ते एकतर डोके, नाहीतर पाठ. त्याच जागी २०० मिलिमीटरला ३.६ मीटर मिळतात, त्यात वाघही येतो आणि बांबूचे बनही. झूम मागे घेऊन १८० किंवा २०० वर आणता येते, हे खरे. पण तेव्हा हातात दोन किलोची लेन्स असते आणि पहाटेच्या पहिल्या फेरीत, जेव्हा वाघ रस्त्यावर असण्याची शक्यता अधिक, तेव्हा आखूड टोकालाही तिचे ॲपर्चर एफ ५.६ च राहते. उलट आमच्या निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले, काठावरून साठ मीटरवर पोहणारा चांदवा हा पाणपक्षी ६०० मिलिमीटरलाही चौकटीच्या रुंदीच्या जेमतेम नवव्या भागात बसतो. तिथे ७०-२०० घेऊन जाणाऱ्याला ठिपक्यांपलीकडे काही मिळणार नाही, आणि तिथे लांब लेन्सची शिफारस मी विनाअट करीन. एकच माणूस दोन्ही ठिकाणी जात असेल तर प्रश्न अवघड होतो, पण तो प्रश्न 'कोणती लेन्स श्रेष्ठ' असा नसून 'महिन्यातले किती दिवस मी कुठे उभा असतो' असा असतो.

क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) असणाऱ्यांनी वरच्या हिशेबात ३६ च्या जागी सुमारे २४ घ्यावेत. त्यांच्या कॅमेऱ्यावर ४०० ची लेन्स ६०० सारखी चौकट देते. विषयाकडून येणारा प्रकाश मात्र त्यामुळे वाढत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

लांब पल्ल्याविषयी आणखी एक गोष्ट, जी तक्त्यांत कधीच येत नाही, ती म्हणजे उन्हाळ्यातली हवा. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात किंवा आमच्याकडे सकाळी नऊनंतर जमीन तापली, की लेन्स आणि विषय यांच्यामधील हवा थरथरू लागते आणि शंभर मीटरवरचे हरीण पाण्याखाली असल्यासारखे दिसते. लेन्स कितीही महाग असो, हा दोष जात नाही. अंतर कमी करणे एवढाच त्यावर इलाज आहे. 'माझी ६०० ची लेन्स शार्प नाही' अशा तक्रारींपैकी कितीतरी तक्रारी दुपारच्या असतात, असे माझे निरीक्षण आहे.

टेलिकन्व्हर्टरबद्दल (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवून पल्ला वाढवणारा जोड) लेखात एकच ओळ होती, तिथे थोडे अधिक थांबायला हवे होते. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप आणि दोन पटीचा दोन स्टॉप प्रकाश खातो. त्यामुळे ७०-२०० एफ २.८ वर दोन पटीचा लावल्यास १४०-४०० एफ ५.६ अशी लेन्स तयार होते, म्हणजे वर म्हटलेली तीच ७१ मिलिमीटरची काच दुसऱ्या रूपात. प्रतिमा थोडी मवाळ होते, फोकसही किंचित मंदावतो, तरीही वर्षातून दोन-चारदाच पक्ष्यांकडे वळणाऱ्या लग्नाच्या छायाचित्रकाराला ही तडजोड परवडते. मात्र प्रत्येक लेन्स कन्व्हर्टर घेत नाही. कॅननची २०१९ सालची आरएफ ७०-२०० एफ २.८ कन्व्हर्टर स्वीकारत नाही, २०२४ साली आलेली 'झेड' नावाची आवृत्ती स्वीकारते; आणि आरएफ १००-५०० वर कन्व्हर्टर लावला तर झूम ३०० च्या खाली आणता येत नाही. दोन लाखांच्या आसपासची किंवा त्याहून महाग वस्तू घेण्यापूर्वी हे कुणी सांगायला नको का?

बांधणीचा विचार आपल्या मातीत वेगळ्या कारणाने करावा लागतो. वरील २०१९ ची आरएफ लेन्स झूम करताना नळीसारखी बाहेर येते, त्यामुळे ती पिशवीत आखूड मावते, आणि वारीत दिवे घाट चढताना त्याचे सुख कळते. पण विसर्जन मिरवणुकीत गुलाल उडत असताना बाहेर आलेली नळी पुन्हा आत घेण्याचे माझ्या जिवावर येते. तिथे लांबी न बदलणारी लेन्स बरी. पावसापासून संरक्षण असलेली लेन्स संरक्षण नसलेल्या कॅमेऱ्याला लावली तर त्या संरक्षणाला फारसा अर्थ राहत नाही. वजनाकडे तर अवश्य पाहावे: सोनीच्या २०१६ च्या ७०-२०० एफ २.८ चे वजन ट्रायपॉड कॉलर (लेन्स तिपाईला जोडायचे कडे) सोडून १४८० ग्रॅम होते, २०२१ च्या दुसऱ्या आवृत्तीचे १०४५ ग्रॅम आहे. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत मानेवर पट्टा असणाऱ्याला या चारशे ग्रॅमची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

ज्यांचे बजेट नव्या लेन्सपर्यंत जात नाही, त्यांच्यासाठी सध्याचा काळ चांगला आहे, कारण अनेकजण मिररलेसकडे (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) गेल्यामुळे डीएसएलआरच्या (आरसा असलेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या) उत्तम ७०-२०० लेन्स वापरलेल्या अवस्थेत मिळू लागल्या आहेत. कॅननच्या ईएफ (डीएसएलआरच्या) लेन्स ॲडॉप्टर लावून आरएफ कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या बाबतीत सावध राहावे: एएफ-एस (लेन्समध्येच फोकसची मोटर असलेल्या) लेन्स एफटीझेड (जुन्या लेन्स निकॉनच्या मिररलेसला जोडणाऱ्या) ॲडॉप्टरवर ऑटोफोकस करतात, परंतु ज्यांचा फोकस कॅमेऱ्यातील मोटर फिरवते अशा जुन्या ८०-२०० एफ २.८ सारख्या लेन्स त्याच ॲडॉप्टरवर हातानेच फोकस कराव्या लागतात. कोकणात किंवा मुंबईत वापरलेली लेन्स असेल तर दोन्ही झाकणे काढून, ॲपर्चर पूर्ण उघडून मागून तिरपा टॉर्च मारावा; बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे अशा तिरप्या उजेडातच दिसतात. बिलावरचा अनुक्रमांक लेन्सवरच्या अनुक्रमांकाशी ताडून पाहावा. बिलाशिवाय स्वस्तात मिळणाऱ्या परदेशी मालाला कंपनीची भारतातील हमी बहुधा मिळत नाही, शिवाय जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला लेन्सवर भरलेल्या १८ टक्के कराची वजावट मिळण्याचा मार्गही बिलाअभावी बंद होतो, त्यामुळे वाचलेले पैसे पुष्कळदा वाचलेले नसतातच.

आपल्या पुरवणीत यापुढे लेन्सची तुलना छापताना प्रत्येक लेन्ससमोर लांब टोकाचे ॲपर्चर, कॉलरसह वजन, किमान फोकस अंतर आणि कोणता कन्व्हर्टर चालतो, हे चार रकाने द्यावेत, अशी विनंती आहे. जागा कमी पडत असल्यास पॅकेटमधील लेन्सचा रंगीत फोटो गाळला तरी वाचकांची हरकत असणार नाही.

कळावे,
आपला,
एक व्यावसायिक छायाचित्रकार, नाशिक