बंटीच्या घरी जाऊन ये

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल बंटीच्या घरी जाऊन आलो. त्याची तेरवी होऊन महिना झाला, आता तिकडे कुणी फिरकत नाही. वहिनींनी चहा ठेवला आणि आधी तुझंच विचारलं, "कधी येते तो?" मी म्हटलं, परीक्षा आहे. खोटं बोललो.

तुझा पाय का उचलत नाही ते मला कळतं. त्या रात्रीचे त्याचे दोन मिस्ड कॉल तू अजून काढून बघतोस, असं आई म्हणाली. म्हणून आजवर लपवलेलं सांगतो. बापूकाका आजारानं गेला असं आम्ही तुला सांगत आलो. तसं नव्हतं. २००४ साली, दिवाळीच्या तोंडावर, त्यानं स्वतःच जीव दिला. तू तेव्हा पाळण्यात होतास. आदल्या संध्याकाळी तो वावरात माझ्याजवळ येऊन बसला होता. लाइन आली होती, मला मोटर सुरू करायची घाई. "उद्या बोलू," म्हटलं. ते दोन शब्द मी अजून उगाळतोय. बसलो असतो तर वाचला असता? कधी वाटतं हो. कधी वाटतं, कपाशीच्या भावाचं बोलून उठून गेला असता. आणि रागही यायचा रे त्याचा, काकूकडे पाहिलं की जास्तच. मग मेलेल्या भावावर राग धरतो म्हणून स्वतःचीच लाज.

लोकांना एकच हवं असतं, का केलं? पोलीस तेच विचारून गेले, तलाठीही. सरकारी कागदाला कारण लागतं: नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा. जुळलं तर घरच्यांना एक लाखाची मदत, नाही तर अपात्र. सातबारा आजोबांच्या नावावर, म्हणून बापू अपात्र. आजी पैसे विसरली, तो शब्द नाही. "माहा पोरगा अपात्र?" असं मधेच म्हणायची, भाकरी थापता थापता.

मग घरात त्याचं नाव निघेनासं झालं. फोटो पेटीत गेला. काकू माहेरी निघाली, तिला कुणी थांब म्हटलं नाही. एका पोळ्याला आजोबा बैलाची शिंगं रंगवताना सवयीनं बोलून गेले, "बापू, बेगड आण." सगळे खाली मान घालून उभे. मीसुद्धा.

तिथं जाऊन काय बोलू, याची धास्ती घेऊ नको. 'का' विचारू नको आणि 'देवाची मर्जी' म्हणू नको, एवढंच. काल मी सहज काढलं, बंटीनं आपल्या स्कूटरमध्ये ट्रॅक्टरचं ऑइल ओतलं होतं ते. वहिनी हसल्या, मग खूप रडल्या. दादा आतल्या खोलीतून उठून ओट्यावर आले आणि म्हणाले, "अन् शिव्या मले खा लागल्या होत्या."

रात्री फार जड झालं तर मला उठव, कितीही वाजोत. माझ्याशी बोलवत नसेल तर १४४१६ लाव. टेलिमानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. माझ्या वेळी असलं काही नव्हतं. असतं तरी मी लावला नसता म्हणा. तू लाव.

तुझा निळा स्वेटर त्यांच्याकडे राहिलाय, धुऊन घडी करून ठेवलेला. मी घ्यायला गेलो तर वहिनींनी दिला नाही. "त्यालेच येऊ द्या," म्हणाल्या.

तुझे,
बाबा